शब्द सुटा हाय का?

गाणं लावायचं झालं की माझे सासरे आधी शेजाऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी बंद करायला लावतात.

शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या इंदापूर तालुक्यात हे फार मोठं मागणं आहे. शेतीची लाईट ठरलेल्या वेळेला येते, ठरलेल्या वेळेला जाते, आणि ती असते तेवढ्यात माणूस लग्नाची पंगत सोडून मोटार चालू करायला पळतो. अशा वेळी शेळगावच्या बांधावर उभे राहून माझे सासरे तात्या हाक मारतात, "हणमंतराव, जरा मोटार बंद करा की. गाणं लावायचं हाय." हणमंतराव उसाला पाणी लावून उभे असतात. ते एकदा तात्यांकडे बघतात, एकदा पाटाकडे बघतात आणि निमूट जाऊन बटण दाबतात. वयाचा मान, दुसरं काय! मग तात्या पुढच्या बांधावर जातात.

कारण विचारलं तर सांगतात, "सगळ्यांच्या मोटारी एका डीपीवर, एकाच ट्रान्सफार्मरवर. करंट मळतो. मळक्या करंटवर गाणं म्हंजी खरकट्या ताटात शिरा."

मी या गृहस्थांचा धाकटा जावई. मी त्यांना मामा म्हणतो, पण सगळा गाव तात्या म्हणतो, म्हणून इथं तात्याच लिहितो. बारामतीत माझं कॉम्प्युटरचं आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यामुळे तात्यांना हे वेड लागलं तेव्हा वेडाला लागणारं सामान पुरवायला घरचाच माणूस मिळाला. जावयानं सासऱ्याचा मान ठेवायचा असतो. पण सासऱ्यामुळे रस्त्यानं मान खाली घालून चालायची वेळ आली तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

तात्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या कडेला पॅकिंग शेड. त्या शेडचा निम्मा भाग अडवून त्यांनी गाण्याची खोली केली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट ठोकलं आणि गोणपाटाच्या मागं उसाचं पाचट दाबून भरलं. खोली खरोखर छान झाली, पण पाचटात उंदीर झाले. उंदरांसाठी मांजर आणलं. मांजर गाणं चालू असताना खोलीत बसलेलं तात्यांना चालतं, कारण ते मध्येच बोलत नाही. आम्हाला मात्र खोकल्याचीसुद्धा परवानगी नाही.

त्या खोलीत दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि एका फळीवर मांडलेल्या दोन पेट्या. सगळा तंटा या पेट्यांचा. एकीला म्हणतात म्युझिक सर्व्हर. तिच्या पोटात डिस्क असते आणि सगळी गाणी त्या डिस्कवर घरातच साठवलेली असतात. दुसरीला म्हणतात स्ट्रीमर. तिच्या पोटात काहीच नसतं, गाणं मागितलं की ते नेटवरून येतं आणि वाजून निघून जातं. मी हे तात्यांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कळलं. एक विहीर हाय, एक पाट हाय."

तेव्हापासून सर्व्हरचं नाव विहीर आणि स्ट्रीमरचं नाव पाट. तात्यांचा ओढा उघड विहिरीकडं. "आपली विहीर ती आपली विहीर. पाटाचं पाणी कवा येतंय, कवा तुटतंय, ते वरच्याच्या हातात." तरीपण पाटाला एकदम नाही म्हणायचं नाही, आधी पारखायचं. या पारखण्यात किती पेट्या आल्या आणि परत गेल्या! एक ठेवायची, एक परत करायची, मग राहिलेलीच्या शेजारी नवी आणायची. परत करायचं काम माझं. कुरिअरवाला मला बघितला की हसायला लागतो. "काय मालक, ह्याही पेटीला सासरा नांदवीना का?"

आणि पारखायची पद्धत काय? एकदा ते भर दुपारी दुकानात आले. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं कॅमेऱ्याचे भाव विचारत होती. तात्यांनी नवी पेटी दोन्ही हातांनी उचलली, वजन तोललं, उलटी केली आणि तिचे खालचे रबरी पाय दाबून बघितले. मग पाठीमागच्या भोकांत बोट घालून बघितलं. बाजारात खोंड घेतात तसं. दात बघायचेच काय ते राहिले.

"बसकी हाय," ते म्हणाले. "ही मुरमाड वाजंल."

तात्या आवाजाला जमिनीची नावं देतात. काळीचा आवाज, मुरमाड आवाज, चोपण आवाज. ढोल जास्त घुमला की "पाणथळ झालं, निचरा न्हाय." आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक पेटीला, न चुकता एकच प्रश्न, "शब्द सुटा हाय का?"

"शब्द सुटा म्हणजे?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"भात सुटा असतो का न्हाय? शीत शीत येगळं? तसा शब्द. गिचका नगं."

गिऱ्हाइकानं माझ्याकडं बघितलं. मी कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घातलं. हे माझे सासरे आहेत, असं त्या दिवशी मी सांगितलं नाही. तात्यांनीच जाताना सांगितलं, "जावई हायती आमचं. हुशार हायती."

मी त्यांना खूपदा समजावलं. मामा, गाणं म्हणजे आत सगळे शून्य आणि एक, ते विहिरीतून आले काय आणि पाटानं आले काय, शून्य ते शून्यच. तात्या शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, "पाणीबी सगळं पाणीच असतंय, पाव्हणं. पर एका पाण्यावर डाळ शिजती, एका पाण्यावर शिजत न्हाय." याचा मला राग यायचा.

बरं, एवढं सगळं करून हा माणूस ऐकतो काय? जगातलं सगळं संगीत एका बोटावर आलेलं असताना तात्या प्रत्येक पेटीवर एकच भजन लावतात. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाचं, देवळात त्यांनीच मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं. त्यात टाळ जरा पुढं पळतात, मध्ये एक लेकरू रडतं. पुढं म्हणणारा आवाज आमच्या सासूबाईंचा. मामी त्या मंडळात कितीतरी वर्षं पुढं म्हणायच्या. मग गुडघे दुखायला लागले, देवळाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून त्यांनी जाणं सोडलं.

खोलीत चांगली खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथं आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, तिथं ती ठेवलेली. असे शौकीन लोक त्या जागेवर बायकोलाही बसू देत नाहीत, असं मी वाचलं होतं. तात्या स्वतः दाराशी पोत्यावर बसायचे आणि खुर्चीत मामींना बसवायचे. मामी मांडीवर लसूण घेऊन सोलत बसायच्या. गाणं संपलं की तात्या मोठ्यानं विचारायचे, "शब्द सुटा हाय का?" मामी मान हलवायच्या. "व्हय, हाय की." किंवा कधी, "आदीचं बरं हुतं." त्यावर ती पेटी राहायची किंवा परत जायची. मला वाटायचं, बिचारी बाई! नवऱ्याच्या वेडापायी तिची कामं खोळंबतात आणि वर होला हो म्हणावं लागतं.

मी हे घरी बायकोला, रेखाला, बोलूनही दाखवलं. "तुझ्या आईला तरी सोडायचं होतं त्यांनी."

रेखा म्हणाली, "आई हल्ली फोनवरपण बोलत नाही नीट. लगेच तात्यांकडं देते. कंटाळली असेल."

गेल्या धोंड्याच्या महिन्यात रीतीप्रमाणे दोन्ही जावयांना बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि काहीतरी वाण द्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. माझे साडू संपतराव कोऱ्हाळ्याहून आले. मोठे बागायतदार, ऊस भरपूर, हसणं त्याहून भरपूर. जेवणं झाली, अनारसे झाले आणि तात्यांनी जाहीर केलं की आज दोन्ही जावयांसमोर विहीर आणि पाटाचा शेवटचा निकाल लावायचा. जी पेटी ठरेल ती कायमची. दुसरी परत.

मला हीच संधी वाटली. मी म्हणालो, "मामा, निकाल लावायचा तर नीट लावू. पेट्यांवर टॉवेल टाकतो. कोणती चालू आहे ते मी सांगणार नाही. तीनदा लावतो. तुम्ही नुसतं ऐकून सांगायचं."

"ह्ये झ्याक!" संपतराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "मी शूटिंग घेतो."

माझा डाव असा होता. पहिल्यांदा विहीर लावायची, दुसऱ्यांदा पाट आणि तिसऱ्यांदा पुन्हा पाटच. तात्या दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जमीनअस्मानाचा फरक सांगणार, मग मी टॉवेल काढणार आणि एकदाचा हा खेळ संपणार. ते भजन मी आधीच नेटवर चढवून ठेवलं होतं, म्हणजे पाटानंही तेच यावं. चार माणसांत सासऱ्याला उघडं पाडायचं, त्यांच्याच घरी, त्यांचेच धोंडे खाऊन. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट कुरिअरवाल्याचं हसणं आठवून बरं वाटत होतं.

तात्या बांधावर जाऊन मोटारी बंद करून आले. मामी खुर्चीत बसल्या. तात्यांच्या खोलीत ऐकताना डोळे मिटायचे असतात. "डोळं उघडं असलं की कान रिकामटेकडं बसत्यात." सगळ्यांनी डोळे मिटले. संपतरावांनी मिटल्यासारखं केलं आणि मोबाईल धरून ठेवला.

पहिल्यांदा विहीर वाजली. दुसऱ्यांदा पाट वाजला. दोन्ही वेळा टाळ पुढं पळाले, लेकरू रडलं, मामींचा जुना आवाज वर चढला. मग मी म्हणालो, "आता तिसरं," आणि माझ्या मोबाईलवरून बोटानं पुन्हा पाट लावला.

काहीच वाजलं नाही. मोबाईलवर ते गोल चक्र फिरायला लागलं. शेळगावात रेंज अशीच जाते. आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. खोलीत शांतता. मोटारी बंद, माणसं गप्प. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांची नखं ऐकू येत होती.

मी सहज मामींकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मान हलत होती. बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, अगदी बरोबर, मघाशी धरला होता तसाच. मग गाणं जिथं संपायला हवं होतं त्या सुमाराला बोटं थांबली आणि त्या म्हणाल्या, "ह्ये बरं हाय. शब्द सुटा हाय."

तात्यांनी डोळे उघडले. त्यांनी आधी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मामींकडं. तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. इतक्या पेट्या आल्या आणि गेल्या, त्या सगळ्या या बाईच्या मानेवर. ती मान बंद पेटीवरही हलत होती.

शेजारी संपतरावांनी हसण्यासाठी छाती भरून घेतलेली मला ऐकू आली. त्यांच्या तोंडून आवाज फुटायच्या आत तात्यांनी पुन्हा डोळे घट्ट मिटले आणि मांडीवर थाप मारून गरजले, "ह्येच! ह्येच म्हणत हुतो मी! काय आवाज हाय, वा! ऐका की संपतराव, काय शब्द सुटलाय! काळीचा आवाज हाय ह्यो, काळीचा! ही पेटी ठिवायची."

संपतराव फुटले. पोट धरून हसले. "तात्या, आवो पेटी बंद हाय! बंद पेटी ऐकताय तुमी!"

"बंद?" तात्या म्हणाले. "मला तर लई झ्याक ऐकू आलं."

दारातून रेखा हसली, तिची बहीण हसली, हसता हसता दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मामींनी डोळे उघडले. सगळे तात्यांकडं बघून हसतायत म्हटल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्यास्नी कवा पटत न्हाय," त्या मला म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्यानं. "आज पटलं एकदाचं."

मला टॉवेल काढायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ पाहुण्यांच्या ग्रुपवर गेला आणि तिथून गावात. पण त्याआधी दुपारी तात्या ठिबकच्या हौदावर हात धूत होते तेव्हा मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"मामा," मी म्हणालो, "कधीपासून?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "मागच्या बहारापास्नं. गुडघं न्हाय दुखत तिचं. भजनात एकदा ही पुढंच गात राह्यली, बाकीच्या कवाच थांबल्या हुत्या. बायका हसल्या. त्या दिसापास्नं देवळात न्हाय गेली."

"डॉक्टर?"

"दावलं की. मशीन दिलंय कानाचं. डबीत हाय, देव्हाऱ्यामागं. घालत न्हाय. म्हणती, लोक बहिरी म्हणत्याल, सुना-लेकी मोठ्यानं बोलत्याल, नगं." त्यांनी हात धोतराला पुसले. "म्हणून म्हणलं, एखादी पेटी तरी अशी घावंल. तिला तिचं भजन सुटं ऐकू आलं तर जाईल परत. ती मान हलवायची, मला वाटायचं आलं जवळ, आलं जवळ."

मग ते म्हणाले, "संपतरावास्नी काय बोलू नगा. पोरींस्नीबी न्हाय."

"पण लोक तुम्हाला हसतायत."

"हसू द्या. मला सवय हाय. तिला न्हाय."

मी बारामतीला परत येताना गाडीत रेखा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. मी तिला बंद कर म्हणालो, जरा रागानंच. तिला वाटलं, वडिलांचं हसं झालं म्हणून मला वाईट वाटतंय. वाईट नव्हतं वाटत. लाज वाटत होती. आत्तापर्यंत मला तात्यांची लाज वाटायची, ती सवयीची होती, तिच्याबरोबर जेवता-झोपता यायचं. ही माझी मला वाटत होती आणि ती जाईना. इतके दिवस मी त्या खोलीत उभा राहून पेट्यांकडं बघत होतो. गाणं संपून डोळे उघडले की तात्या पेटीकडं बघत नसत, मामींकडं बघत. एवढं साधं मला दिसलं नाही. दुकान मात्र कॅमेऱ्यांचं.

विहिरीची पेटी मी परत केली. तात्यांनी पहिल्यापासून विहिरीची बाजू घेतली, पण मामींनी पाट निवडला आणि त्यांनी तोंडानं तसं कबूल केलं, म्हणून आता त्या खोलीत पाटच आहे. रेंज गेली की तात्या वाट बघत बसतात. गावात कोणी भेटलं की विचारतात, "काय तात्या, बंद पेटी काय म्हणती?" तात्या म्हणतात, "लई ग्वाड वाजती. या एकदा ऐकायला."

मी एवढंच केलं की त्या डबीतल्या मशीनची माहिती काढली. अशी पेटी त्या मशीनला परस्पर जोडता येते, गाणं सरळ कानात सोडता येतं. तात्यांना सांगितलं तर त्यांनी आधी देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "दार लावून?" मी म्हणालो, दार लावून. कोणी बघणार नाही. मामींनी एकदा मशीन घातलं आणि लगेच काढलं. मोटारींची घरघर त्यात लई मोठी येती, म्हणाल्या. पुढच्या खेपेला पुन्हा घातलं, थोडा वेळ ठेवलं.

गेल्या रविवारी मी शेळगावला गेलो होतो. मामी खुर्चीत बसल्या होत्या, पदर दोन्ही कानांवरून ओढून. तात्या चपला शोधत होते. मी म्हणालो, "मामा, तुम्ही बसा. मी जातो."

बांधावर गेलो. हणमंतराव उसात पाणी सोडून उभे होते. मी हाक मारली, "हणमंतराव, जरा मोटार बंद करा. गाणं लावायचंय."

त्यांनी कपाळावर हात धरून मला नीट न्याहाळलं. "काय वो पाव्हणं? तुमालाबी लागलं का सासऱ्याचं येड?"

"व्हय," मी म्हणालो. "लागलं."

ते हसतच गेले आणि त्यांनी मोटार बंद केली. मी पुढच्या बांधाकडं निघालो.